गावी एक रात्र

सोलापूरहून दक्षिणेस निघालेली रेल्वेगाडी थोड्याच वेळात होटगीस येते. दक्षिण सोलापूर तालुक्यातील हे गाव तसे लहान. पण रेल्वेच्या नकाशावर त्याचे नाव ठळक असते, कारण येथे लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक वाडी जंक्शनकडे जातो, दुसरा विजयपूरवरून गदगला. गदगकडचा मार्ग कित्येक दशके मीटरगेजचा होता. मोठ्या गाडीतून उतरून लहान गाडीत बसणे, ट्रंका आणि वळकट्या एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर नेणे, हे या भागातील जुन्या पिढीच्या चांगले परिचयाचे. जंक्शनच्या गावाला अंतर मैलांत मोजण्याची सवय राहत नाही. विजयपूर किती लांब, असे विचारले तर उत्तर तासांत मिळते.

दिवाळी सरली की मात्र याच परिसरातील रस्त्यांवर निराळे प्रवासी दिसू लागतात. चातुर्मास संपवून साधू-साध्वींचे विहार सुरू होतात. कोणी कुंथलगिरीच्या दिशेने, कोणी कर्नाटकात, कोणी सांगली-कोल्हापूरकडे. सिमेंटच्या आणि राखेच्या मालमोटारींनी गजबजलेल्या रस्त्याच्या कडेने पांढऱ्या वस्त्रांतील चार साध्वी चालल्या आहेत आणि त्यांच्या मागे-पुढे विहारसेवेतील तरुण हात दाखवीत वाहनांना बाजूला काढीत आहेत, हे दृश्य आता नवे नाही. मोटारीतून जाणाऱ्या लहान मुलाला प्रश्न पडतो, यांना गाडी का मिळाली नाही? घरातील वडीलधारे उत्तर देतात. पण ते उत्तर बहुधा नियमाचे असते, कारणाचे नसते. साधूंनी वाहनात बसायचे नसते, एवढ्यावर ते थांबते.

कारणाच्या अधिक जवळ जाण्यासाठी ज्याला असा कोणताही नियम बांधील नव्हता, तरीही ज्याने आयुष्याची बारा-तेरा वर्षे पायी काढली, अशा एका मराठी माणसाकडे पाहणे उपयोगी ठरेल. विनोबा भावे हे त्याचे नाव. दिवाळीच्या सुमारास त्यांचे स्मरण जैन वाचकाला आणखी एका कारणाने होते. ते कारण पुढे येईल.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. शिक्षण बडोद्यास. मार्च १९१६ मध्ये इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी ते मुंबईच्या गाडीत बसले आणि सुरतेस उतरले. परीक्षा तेथेच सुटली. वडिलांना पत्र लिहून त्यांनी काशीची वाट धरली. शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रे त्यापूर्वीच आईच्या चुलीत गेली होती. जूनमध्ये ते अहमदाबादच्या कोचरब आश्रमात गांधीजींना भेटले आणि तेथेच राहिले. चरित्रकारांना या घटनेत वैराग्य दिसते, आणि ते आहेही. पण गाडी ठरलेल्या ठिकाणी नेईपर्यंत हा माणूस गाडीत बसून राहत नाही, एवढी साधी गोष्टही तीत दिसते.

पुढच्याच वर्षी त्यांनी आश्रमातून वर्षभराची रजा घेतली. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याजवळ वेदान्ताचा अभ्यास करायचा आणि प्रकृती सुधारायची, असा बेत होता. अभ्यास झाल्यावर ते महाराष्ट्रात पायी फिरले. सुमारे चारशे मैल. गड पाहिले, गावोगावी गीतेवर प्रवचने दिली आणि या सगळ्याचा हिशेब पत्राने गांधीजींना कळवला. वर्ष भरले त्या दिवशी ते आश्रमात हजर झाले. रजा जेवढी, भ्रमंतीही तेवढीच. या बाविशीतल्या पायपिटीची चर्चा फारशी होत नाही. १९५१ पासूनच्या मोठ्या यात्रेने ती झाकून टाकली. तरी मोठ्या यात्रेच्या बऱ्याच सवयी या लहान यात्रेत आहेत. चालता चालता बोलायचे, गावाकडून शिकायचे आणि दिवसांचा हिशेब चोख ठेवायचा.

मधली तीस-बत्तीस वर्षे वर्ध्याची, पवनारची आणि तुरुंगांची. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी उतरून घेतली, हे सर्वश्रुत आहे. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांची निवड केली. शरीर मात्र कायम नाजूक. पोटाच्या दुखण्यामुळे आहार दही आणि मध अशा मोजक्या पदार्थांवर आलेला. पंचावन्न वर्षांचा असा माणूस देश पायी फिरेल, असे १९५१ च्या आरंभी कोणी म्हटले असते तर त्यांच्या निकटवर्तीयांनीही मान हलवली असती.

त्या वर्षीचे सर्वोदय संमेलन हैदराबादजवळ शिवरामपल्लीस भरणार होते. विनोबांची तेथे जाण्याची इच्छा नव्हती. आग्रह झाला तेव्हा ते तयार झाले, पण पायी जाईन म्हणाले. मार्चमध्ये ते वर्ध्याहून निघाले आणि सुमारे तीनशे मैल चालून एप्रिलमध्ये पोहोचले. परतीच्या वाटेवर ते तेलंगणातील अशांत गावांतून चालले. तेथे जमीनदार आणि सशस्त्र कम्युनिस्ट यांच्या संघर्षात कितीतरी माणसे मारली गेली होती. दिवसा पोलिसांचे राज्य आणि रात्री बंडखोरांचे, अशी अवस्था होती. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली गावात हरिजन कुटुंबांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली. सरकारकडे अर्ज करण्याचे बोलणे चालू असतानाच विनोबांनी जमलेल्या लोकांना विचारले, सरकारकडून मिळायला वेळ लागेल, तोवर गावातले कोणी काही करू शकेल काय? रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठले आणि शंभर एकर देतो म्हणाले.

भूदानाचा आरंभ हा असा झाला. सहसा ही कथा दात्याच्या औदार्याची म्हणून सांगितली जाते. मात्र ज्याने मागितले तो त्या गावात कसा आला होता, हेही पाहायला हवे. मोटारीतून आला असता तर तो सरकारचा माणूस ठरला असता, किंवा एखाद्या पक्षाचा. पोलीस घेऊन आला असता तर जमीनदारांचा. तो धुळीने माखलेल्या पायांनी आला होता, गावाने दिलेल्या जागेत उतरला होता आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी निघून जाणार होता. त्याला स्वतःसाठी जमीन ठेवणे शक्य नव्हते, कारण तो थांबणारच नव्हता. अशा माणसाच्या मागण्यावर संशय घ्यायला जागा उरत नाही. तेलंगणात पुढच्या काही आठवड्यांत बारा हजार एकरांहून अधिक जमीन मिळाली.

येथे जैन वाचकाला काहीतरी ओळखीचे जाणवेल. गावी एक रात्र, नगरी पाच रात्री, ही मर्यादा श्रमणांसाठी दोन्ही परंपरांच्या आचारग्रंथांत सांगितलेली आहे. त्यामागे गृहस्थावर भार पडू नये हा विचार आहे, आणि साधूच्या मनात जागेविषयी व माणसांविषयी ममत्व साचू नये हाही. वाहत्या पाण्याची उपमा प्रवचनांत नेहमी येते. तिची दुसरी बाजू गृहस्थाकडून पाहिल्यावर कळते. उद्या जाणार असलेल्या पाहुण्यासमोर माणूस मोकळा होतो. शेजाऱ्यासमोर जे बोलवत नाही ते त्याच्यापुढे बोलतो आणि शेजाऱ्याला जे देववत नाही ते त्याला देतो.

त्याच वर्षी पंडित नेहरूंनी पहिल्या पंचवार्षिक योजनेविषयी बोलण्यासाठी विनोबांना दिल्लीस बोलावले. विमानाची सोय होऊ शकत होती. विनोबा १२ सप्टेंबर १९५१ रोजी पवनारहून पायी निघाले आणि दोन महिन्यांनी, नोव्हेंबरच्या मध्यास, राजघाटावर पोहोचले. मग पावले थांबली नाहीत. उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओरिसा, आंध्र, तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, पंजाब, काश्मीर, मध्य प्रदेश, आसाम. १९६२ च्या सप्टेंबरमध्ये पूर्व पाकिस्तान. १० एप्रिल १९६४ रोजी ते पवनारला परतले. एकूण अंतराचे आकडे निरनिराळे दिले जातात, पण पन्नास हजार किलोमीटरांहून ते कितीतरी अधिक होते.

दिनक्रम वर्षानुवर्षे जवळजवळ एकच. पहाटे तीनच्या सुमारास उठणे, प्रार्थना, आणि अंधारातच प्रस्थान. पुढे एक कार्यकर्ता कंदील घेऊन चाले. विनोबांची चाल इतकी झपझप की सोबतच्या तरुणांना मधूनच धावावे लागे. डोक्यावर हिरवी टोपी, अंगावर खादीचे पंचे. दहा-बारा मैलांचा टप्पा ऊन चढण्याआधी संपे. गावाच्या वेशीवर स्वागत, मग लहानसे भाषण, सूतकताई, भेटी, पत्रे, त्या प्रांताच्या भाषेचा अभ्यास; सायंकाळी प्रार्थनासभा आणि तीत काही मिनिटांचे मौन. रात्री लवकर निद्रा.

ईर्यासमितीच्या दृष्टीने पाहिले तर या दिनक्रमात एक गोष्ट खटकेल. जैन साधू सूर्योदयापूर्वी विहार करीत नाहीत, कारण पुढची चार हात जमीन उजेडात निरखून, जीव चुकवून पाऊल टाकायचे असते. पावसाळ्यात तर चालणेच थांबवायचे, कारण त्या दिवसांत जमीन सूक्ष्म जीवांनी भरलेली असते. विनोबा कंदिलाच्या उजेडात चालले आणि पावसाळ्यातही चालले. त्यांचे लक्ष पुढच्या गावाकडे होते. साधूचे लक्ष पुढच्या पावलाकडे असते. दोन्ही प्रवास पायी असले तरी दोन्हींची कारणे एक नाहीत. विनोबांना जैन ठरवण्याच्या उत्साहात हा भेद अनेकदा पुसला जातो, तो पुसू नये.

या चालण्याची किंमत त्यांच्या शरीराने मोजली. १९५२ च्या अखेरीस बिहारमध्ये चांडील येथे हिवतापाने ते मरणाच्या दारापर्यंत जाऊन आले. प्रथम औषध घेण्यास त्यांचा नकार होता. पुढे सर्वांच्या आग्रहावरून घेतले. १९५३ साली देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात हरिजनांसह प्रवेश करताना पंड्यांनी त्यांना मारहाण केली आणि कानाला कायमची इजा झाली. १९५९ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांनी काश्मीर खोऱ्यात उतरण्यासाठी पीरपंजाल पायी ओलांडला. ती वाट सुमारे तेरा हजार फूट उंचीवरून जाते. त्या वर्षी काश्मिरात पावसाने आणि पुराने कहर केला होता. पर्वत ओलांडता आला नाही तर ती काश्मिरात न येण्याची ईश्वरी आज्ञा समजून परत फिरायचे, असे त्यांनी ठरवले होते. पुढच्या वर्षी चंबळच्या खोऱ्यात वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. बीहडातल्या नाळींत मोटार जात नाही. पायी येणाऱ्याचीच तेथे भेट होऊ शकते.

सोलापूर जिल्ह्यातील वाचकाला या यात्रेतील सर्वांत जवळचे पर्व १९५८ सालचे. कर्नाटकातून विनोबा महाराष्ट्रात आले होते आणि मे महिन्याच्या अखेरीस पंढरपुरास सर्वोदय संमेलन होते. होटगीहून पंढरपूर आज गाडीने दोन-अडीच तासांचे. विनोबांच्या चालीने मोजले तर पाच मुक्कामांचे. मध्ये पाच गावे, पाच अंगणे, पाच रात्रींचे यजमान. पंढरपूर पायी गाठण्यात महाराष्ट्राला नवल नाही, वारकऱ्यांनी ती वाट शतकानुशतके मळलेली आहे. नवल तेथे पुढे जे घडले त्याचे. अकरा वर्षांपूर्वी, मे १९४७ मध्ये, याच मंदिराची दारे हरिजनांना उघडावीत म्हणून साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले होते. धुळ्याच्या तुरुंगात ज्यांचे शब्द गुरुजींनी उतरून घेतले, तेच विनोबा आता विविध धर्मांच्या सहकाऱ्यांसह विठ्ठलाच्या भेटीस आले. पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या दारातून ते १९५५ साली परत फिरले होते, कारण सोबतच्या फ्रेंच भगिनीला प्रवेश नव्हता. पंढरपुरात मंदिराच्या अधिकाऱ्यांनी स्वतः बोलावले आणि सर्वांना आत नेले. गुरुजी हे पाहायला नव्हते. १९५० मध्येच ते गेले होते.

विनोबांच्या यात्रेविषयी लिहिताना बहुतेक लेख येथे थांबतात. पण हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाविषयी लिहायचे तर जमिनीचाही हिशेब मांडला पाहिजे. १९५७ पर्यंत पाच कोटी एकर, असे उद्दिष्ट होते. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि सहावा हिस्सा द्या, असे त्यांचे मागणे असे. मिळाली चाळीस लाख एकरांहून काहीशी अधिक. जगाच्या इतिहासात असे दान क्वचितच झाले असेल. मात्र त्यातील मोठा भाग वर्षानुवर्षे भूमिहीनांपर्यंत पोहोचलाच नाही. काही जमीन खडकाळ वा वनातली होती, काही कज्ज्यात अडकलेली. काही ठिकाणी दात्याच्या वारसांनी हात आखडता घेतला, काही ठिकाणी दानपत्र झाले पण सात-बारा किंवा तिकडचा जो कागद असेल तो बदलला नाही. ज्याला जमीन मिळाली त्याच्याजवळ बैल नव्हते, बियाणे नव्हते, विहीर नव्हती.

आणि ज्याच्या शब्दावर दान झाले तो दुसऱ्या पहाटे पुढच्या गावी निघून गेलेला होता.

ज्या गुणामुळे दान मिळाले, त्याच गुणामुळे ते अर्धवट राहिले. एका रात्रीच्या पाहुण्याला लोक मन उघडून देतात. पण जमीन मोजणे, बांध घालणे, तलाठ्याकडे हेलपाटे मारणे हे राहणाऱ्याचे काम आहे. विनोबांना हे दिसत नव्हते असे नाही. स्थानिक समित्या नेमल्या गेल्या, कायदे झाले, हजारो कार्यकर्ते राबले. १९५४ मध्ये बोधगयेस जयप्रकाश नारायणांनी या कामासाठी जीवनदान दिले. तरीही चालणाऱ्याच्या वेगाला राहणाऱ्यांचा वेग गाठू शकला नाही. १९६५ मध्ये बिहारात ‘तूफान यात्रा’ निघाली तेव्हा तर विनोबा स्वतःच मोटारीने फिरले. ग्रामदानांचे आकडे त्यामुळे भराभर वाढले. गावांतील बदल त्या प्रमाणात वाढला असे म्हणता येत नाही.

श्रमणपरंपरेने ही अडचण फार पूर्वी ओळखली असावी. चालणारा साधू आणि राहणारा श्रावक, अशी कामाची वाटणी तेथे आहे. साधू आठ महिने फिरतो आणि निघून जातो. मंदिर, पाठशाळा, ग्रंथभांडार, पांजरपोळ सांभाळणे श्रावक-श्राविकांकडे. जमिनीचा विचारही श्रावकाच्याच व्रतात येतो. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाच्या मर्यादेचे अतिचार सांगताना पहिले नाव क्षेत्राचे, म्हणजे शेताचे आहे. सोने-चांदी त्यानंतर येते. ठरवलेल्या मर्यादेपलीकडचे शेत हा दोष मानला, पण ते जास्तीचे शेत कोणाकडे जावे हे त्या सूत्रात नाही. विनोबांनी नेमका तोच प्रश्न घरोघर जाऊन विचारला. शेती असलेल्या जैन कुटुंबांनी, आणि सोलापूर, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात ती पुष्कळ आहेत, हा प्रश्न कधीतरी घरात बसून बोलण्यासारखा आहे.

जैन समाजाशी विनोबांचा संबंध पुढे एका ग्रंथाने पक्का झाला. सर्व जैनांना मान्य होईल असा एक सारग्रंथ असावा, जसे धम्मपद बौद्धांचे, असा त्यांचा अनेक वर्षांचा आग्रह होता. जिनेंद्र वर्णी यांनी संकलन केले आणि भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणवर्षात, १९७४ च्या नोव्हेंबरअखेर, दिल्लीस सर्व संप्रदायांच्या मुनींच्या आणि विद्वानांच्या संगीतीने तो संमत केला. ‘समणसुत्तं’ या नावाचा हा ग्रंथ ७५६ गाथांचा आहे. विनोबा त्या संगीतीस नव्हते. १९७० पासून त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. पवनार सोडून जायचे नाही, असा निश्चय. बारा वर्षे कोठेही न थांबलेला माणूस आयुष्याची शेवटची बारा वर्षे धाम नदीच्या काठी एका जागी राहिला.

त्यांच्या चालण्याने घडवलेल्या एका जैन तरुणाचा उल्लेख येथे टाळता येणार नाही. राजस्थानातील श्रीडुंगरगढ येथे १९३६ साली जन्मलेल्या सतीश कुमार यांनी नवव्या वर्षी तेरापंथात दीक्षा घेतली. अठराव्या वर्षी गांधीजींचे लिखाण वाचून त्यांनी साधुवेश सोडला आणि ते विनोबांच्या चळवळीत आले. वेश सुटला तरी विहार सुटला नाही. १९६२ च्या जूनमध्ये ई. पी. मेनन यांच्यासह ते दिल्लीच्या राजघाटावरून अण्वस्त्रांच्या विरोधात पायी निघाले, ते मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन या राजधान्यांकडे. समुद्र तेवढा जहाजाने ओलांडला. विनोबांनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या, जवळ पैसा ठेवू नका आणि शाकाहार सोडू नका. पाकिस्तानच्या सीमेवर एका स्नेह्याने वाटेसाठी शिदोरी पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही, कारण शिदोरी जवळ ठेवणे म्हणजे पलीकडच्या घरांवर अविश्वास दाखवणे. सुमारे आठ हजार मैलांच्या त्या प्रवासात मुस्लिम, ख्रिस्ती, नास्तिक अशा कितीतरी घरांनी त्यांना जेऊ घातले. जॉर्जियात चहाच्या कारखान्यातील स्त्रियांनी चार पुड्या दिल्या, चार राजधान्यांतील नेत्यांसाठी. अण्वस्त्राची कळ दाबण्याची इच्छा होईल तेव्हा आधी एक कप चहा करून प्या, असा निरोप. पॅरिसमध्ये या दोघांना काही काळ कोठडी मिळाली, पण पुड्या पोहोचल्या. भिक्षाचर्येची सवय बालपणी लागलेल्या मुलाला रिकाम्या हाताने सीमा ओलांडणे जमले, यात आश्चर्य नाही. मेनन यांना ती सवय नव्हती, म्हणून त्यांचे कौतुक अधिक वाटते.

१९८२ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात विनोबांना पवनार येथे हृदयविकाराचा झटका आला. थोडे बरे वाटू लागले असतानाच त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले. डॉक्टरांनी विनवले, सहकाऱ्यांनी विनवले. चांडीलला तीस वर्षांपूर्वी त्यांनी आग्रह मानला होता. या वेळी मानला नाही. अनेक जैन लेखकांनी याला संथारा म्हटले. गुरूकडून विधिपूर्वक घेतलेले ते व्रत नव्हते, हे खरे. देह आता उपयोगाचा उरला नाही हे शांतपणे ओळखून केलेला तो आहारत्याग होता, हेही खरे. शेवटच्या दिवसांत त्यांच्या मुखी रामहरीचे नाव होते.

१५ नोव्हेंबरच्या सकाळी त्यांनी देह ठेवला. त्या दिवशी अमावास्या होती, दिवाळी होती, म्हणजेच वीरनिर्वाणाचा दिवस. दिगंबर मुनींचा वर्षायोग त्याच दिवशी संपतो आणि त्यांना पुन्हा वाटेला लागता येते. श्वेतांबर साधू-साध्वी आणखी पंधरा दिवस, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, थांबतात आणि मग निघतात. सोलापूरच्या दक्षिणेला होटगीच्या आसपासच्या रस्त्यांवर त्या सुमारास ज्वारी कमरेएवढी झालेली असते. पहाटे गारठा असतो, आणि साधू उजाडण्याची वाट पाहत उपाश्रयाच्या दाराशी उभे असतात.